कोरी तबकडी निवडताना

मराठीच्या अध्यापकांनी कोऱ्या डीव्हीडीविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. हस्तलिखितांविषयी मात्र आपण मोठ्या आस्थेने बोलतो. पोथीचा कागद जुन्नरी की दौलताबादी, शाई कोणती, लेखनिक कोण, प्रत कोणत्या शाखेतली, या प्रश्नांवर पदव्युत्तर वर्गात तासच्या तास खर्च होतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच डोळ्यांदेखत झालेली व्याख्याने, काव्यवाचने, भारुडे, लळिते, दशावताराचे प्रयोग ज्या वस्तूवर उतरवले गेले, त्या वस्तूविषयी विचारले की आपण 'तो तांत्रिक भाग' असे म्हणून मोकळे होतो. साधनाविषयीची ही उदासीनता अभ्यासकाला शोभणारी नाही, आणि ती महागात पडते, असे आमचे मत आहे.

अनेक मराठी विभागांच्या कपाटांत १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या व्हीएचएस टेप आजही पडून आहेत. त्या चालवणारी यंत्रे झपाट्याने नाहीशी होत आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई. तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. काही विभागांत सुदैवाने एक चालू व्हीसीआर आणि त्याच्या शेजारी २००० च्या दशकात घेतलेला स्वतंत्र डीव्हीडी रेकॉर्डर असतो. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन वायरी जोडायच्या, कोरी तबकडी घालायची आणि बटण दाबायचे, एवढेच काम. संगणक लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. शिवाय जुन्या टेपचे थरथरणारे चित्र काही रेकॉर्डर बऱ्यापैकी स्थिर करून घेतात. म्हणजे साधन हाताशी आहे. प्रश्न उरतो तो त्यात कोणती तबकडी घालायची एवढाच.

या 'एवढ्याच' प्रश्नाचे काय होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. एका महाविद्यालयात लोकनाट्याच्या टेप डीव्हीडीवर घेण्याचे ठरले. खरेदी समितीने रिवाजाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली आणि सर्वांत स्वस्त, नावगाव नसलेल्या पन्नास तबकड्यांचा डबा आला. काम झाले, अहवालात नोंद झाली, जागा अडते म्हणून टेप रद्दीत गेल्या. पाचसहा वर्षांनी तबकड्या लावल्या, तेव्हा आरंभीचे नमन नीट दिसले, पण पुढे चित्र अडखळू लागले आणि शेवटी गोठले. डीव्हीडी मध्याकडून कडेकडे लिहिली जाते आणि दोष बहुधा कडेला आधी उमटतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रयोगाचा शेवट गेला. पोथीचे शेवटचे पान गळाले तर आपण 'प्रत खंडित' अशी नोंद करतो आणि दुसरी प्रत शोधतो. इथे दुसरी प्रत नव्हतीच.

हे का घडते ते समजण्यासाठी तबकडीची रचना थोडी पाहावी लागते. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या चिकटवून केलेली १२० मिलिमीटर व्यासाची तबकडी असते. छापील डीव्हीडीत खाचा साच्यातून उमटवलेल्या असतात. कोऱ्या, एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत मात्र दोन चकत्यांच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. हा थर सारखा पसरलेला आहे का, चकत्यांचा सांधा कडेपर्यंत बंद आहे का, यावर तबकडीचे आयुष्य अवलंबून असते. यांतले काहीही दुकानात डोळ्यांना दिसत नाही. म्हणून केवळ किंमत पाहून निवडणे म्हणजे वेष्टन पाहून शब्दकोश निवडण्यासारखे आहे.

पहिला निर्णय प्रकाराचा. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर या एकदाच लिहिण्याच्या. डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू या पुसून पुन्हा, साधारणपणे हजार वेळा, लिहिण्याच्या. आणि डीव्हीडी-रॅम ही लाखभर वेळा लिहिता येणारी, पण फारच थोड्या प्लेअरवर चालणारी. 'पुन्हा वापरता येते म्हणजे काटकसर' असा युक्तिवाद विभागाच्या बैठकीत हमखास होतो. आमचे म्हणणे असे की, जतनासाठी पुसता न येणे हाच गुण आहे. पुसता येणारी तबकडी पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणासाठी कोणीतरी पुसणारच. शिवाय आरडब्ल्यू तबकडीचे परावर्तन बरेच कमी, सुमारे १८ ते ३० टक्के असते. एकदाच लिहायच्या तबकडीत ते ४५ टक्क्यांच्या वर असते. म्हणूनच अनेक जुने प्लेअर आरडब्ल्यू वाचायला नाखूष असतात. आरडब्ल्यू घ्यावी ती सरावासाठी आणि कच्च्या खर्ड्यासाठी. मुद्रणप्रत एकदाच लिहायच्या तबकडीवरच करावी.

'वजा' की 'अधिक', या वादात मात्र शक्ती घालवू नये. डीव्हीडी-आर १९९७ पासूनची, डीव्हीडी+आर २००२ ची. पायोनियर व पॅनासॉनिक यांचा ओढा पहिलीकडे, फिलिप्सचा दुसरीकडे होता. आपला रेकॉर्डर काय स्वीकारतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते आणि तोच अंतिम शब्द मानावा. या दोन प्रकारांतल्या फरकापेक्षा चांगल्या आणि वाईट कारखान्यांतला फरक कितीतरी मोठा आहे.

दुसरा निर्णय म्हणूनच कारखान्याचा. येथे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी अशी गोष्ट भेटते: मुखपृष्ठावरचे नाव आणि खरा कर्ता वेगळे असू शकतात. एकाच नावाच्या डब्यांत निरनिराळ्या कारखान्यांच्या तबकड्या निघत. तबकडीवर उत्पादकाचा एक संकेत कोरलेला असतो आणि संगणकावर साध्या मोफत प्रणालीने तो वाचता येतो. जपानच्या ताइयो युदेनचे किंवा मित्सुबिशी केमिकलचे संकेत जाणकार त्या काळी शोधून शोधून घेत; तेही बनावट असू शकत, एवढी त्यांची पत होती. आपल्याकडे नोएडाच्या मोझर बेअरच्या तबकड्या गावोगावच्या स्टेशनरी दुकानांत मिळत. हे सारे चित्र आता पालटले आहे. ताइयो युदेनने २०१५ साली या धंद्यातून अंग काढले. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८ साली निघाला. मित्सुबिशीने आपला व्हर्बाटिम हा व्यवसाय २०१९ साली तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकला. आज निवडीला वाव थोडा आहे, म्हणूनच ती अधिक डोळसपणे करायला हवी.

यातून एक मोह निर्माण होतो, तो जुन्या साठ्याचा. 'अस्सल जपानी, न उघडलेला डबा' अशी जाहिरात दिसली की जाणकारांचेही मन द्रवते. पण कोरी तबकडी कोरी असतानाही म्हातारी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडीच्या निगेविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत न लिहिलेल्या तबकडीचे आयुष्य अवघे पाच ते दहा वर्षे धरले आहे; लिहून झालेल्या चांगल्या तबकडीसाठी उत्पादकांचा अंदाज मात्र शंभर वर्षे वा अधिक असा दिला आहे. म्हणजे लेखन हेच तबकडीला स्थिरता देते. न लिहिलेला जुना साठा पुराणवस्तू म्हणून जपावा, त्यावर आपला ठेवा सोपवू नये. त्यापेक्षा अलीकडच्या उत्पादनाचा, दहाच तबकड्यांचा छोटा संच घ्यावा, त्यातली एक लिहून पाहावी, आणि ती दोन वेगळ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालली तरच पुढचा संच मागवावा.

वेगाच्या आकड्याविषयीही गैरसमज आहे. डब्यावरचा १६ हा आकडा मोठा म्हणून तबकडी श्रेष्ठ ठरत नाही. टेपवरून घेताना रेकॉर्डर टेपच्याच गतीने लिहितो. दोन तासांच्या प्रयोगाला दोन तास लागतातच. उलट २००३ सालच्या यंत्राला १६ पट वेगाची तबकडी ओळखतासुद्धा येत नाही असे घडू शकते, कारण ते यंत्र घडले तेव्हा तशा तबकड्या बाजारात नव्हत्या. आठ पट वेगाची तबकडी मिळाली तर अशा यंत्रासाठी तीच घ्यावी.

तिसरा निर्णय तबकडी किती भरायची, हा. आणि आमच्या मते तो पूर्णपणे वाङ्मयीन आहे. तबकडीची क्षमता ४.७ गिगाबाइट. तीवर एक्सपी पद्धतीने एक तास, एसपीने दोन, एलपीने चार, तर ईपीने सहा किंवा आठ तास मावतात. तास वाढले की चित्र पातळ होते. खुर्चीवर बसून कविता वाचणारा कवी चार तासांच्या पद्धतीत कसाबसा निभावेल. पण कंदिलाच्या किंवा पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाचणारा दशावतारी संकासुर, किंवा कीर्तनकाराचे झरझर फिरणारे हात, यांचे चौकोनी तुकडे होतात. गायन महत्त्वाचे असेल तर एक तासाची पद्धत घ्यावी. काही यंत्रांत तीत असंकुचित ध्वनीचीही सोय असते. कोणत्या प्रयोगाला किती जागा द्यायची, हे यंत्र चालवणाऱ्याला ठरवता येत नाही. आशयात काय मोलाचे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते ठरवायला हवे. आणि कडेचा भाग दुबळा असतो हे लक्षात ठेवून दोन तासांच्या तबकडीत शंभरेक मिनिटेच भरावीत. पोथी लिहिणारे समास सोडत, तसाच हा समास.

लिहून झाल्यावर तबकडी 'फायनलाइझ' करणे हा पुष्पिका लिहिण्यासारखा विधी आहे. तो केल्याशिवाय दुसरे यंत्र तबकडी सहसा ओळखत नाही. आणि रेकॉर्डर बिघडला तर अशी अर्धवट तबकडी जवळजवळ अनाथ होते. ज्या विभागांत आजही रेकॉर्डर चालू आहे, त्यांनी कपाटातल्या जुन्या, न मिटवलेल्या तबकड्या प्रथम शोधून मिटवाव्यात. हे काम यंत्र जिवंत आहे तोवरच होणार आहे.

जतनाचे नियम साधे आहेत. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. तिने तोल बिघडतो. नाव पाण्याच्या शाईच्या पेनाने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. तबकडी उभी, कडक डबीत ठेवावी. वरील मार्गदर्शिका ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवते. रत्नागिरीच्या आषाढात आर्द्रता ऐंशीच्या वर असते आणि परभणीच्या वैशाखात पारा चाळीस ओलांडतो. म्हणजे आपल्याकडच्या साध्या लोखंडी कपाटात उत्तम तबकडीलाही परक्या मुलखातले जिणे जगावे लागते. तेल, पाणी आणि सैल बंधन यांपासून ग्रंथ राखा अशी विनवणी जुने लेखनिक पोथीच्या शेवटी करत, ती इथे अक्षरशः लागू पडते.

'आता तबकडीचा काळ संपला, सरळ संगणकावर घ्या,' असा आक्षेप येईल. ज्यांना ते जमते त्यांनी अवश्य तसे करावे. तबकडी हे अंतिम आश्रयस्थान आहे असे आम्ही म्हणत नाहीच. दोन वेगळ्या संचांतल्या तबकड्यांवर दोन प्रती कराव्यात, त्याच आठवड्यात एक प्रत संगणकावर उतरवावी, आणि तोवर मूळ टेप मुळीच टाकू नये. पण हार्ड डिस्क एका धक्क्याने बंद पडते आणि तिच्यावरचा मजकूर एका बटणाने पुसला जातो; नीट लिहिलेली तबकडी असल्या घाईला बळी पडत नाही. म्हणून तिचे स्थान इतर प्रतींच्या बरोबर आहे.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण दर वर्षी शिकवतो. त्या कामाचे मोल प्रती पडताळून पाहणाऱ्याच्या जाणतेपणात आहे. ते केवळ नक्कल करणाऱ्याला जमले नसते. विभागाच्या टेपांचेही तसेच आहे. आमची सूचना अशी की, कोऱ्या तबकडीची मागणी लिहिताना 'डीव्हीडी, नग पन्नास' एवढे लिहून ती खरेदी समितीकडे धाडू नये. प्रकार, उत्पादक, वेग आणि नमुना-चाचणीची अट त्यात विभागाने स्वतः घालावी, आणि प्रत्येक टेपसाठी कोणती पद्धत वापरायची हे त्या विषयाच्या अध्यापकाने टेप पाहून ठरवावे. दर तबकडीमागे दहावीस रुपये जास्त पडतील. लळिताचा शेवट पुन्हा मिळवायला मात्र कोणतेही दरपत्रक मागवता येत नाही.