‘इथे काय कमी आहे?’

दिवाळी म्हणजे घरोघर माणसे गोळा होण्याचे दिवस. फराळाची ताटे पुढे येतात, पाहुणे ऐसपैस बसतात, आणि घरात बारावीला किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले मूल असेल तर त्याचे भवितव्यही चकलीबरोबर चघळले जाते. ‘पुढे काय?’ हा प्रश्न मुलाविषयी विचारला तर उत्तर ठरलेले असते : ‘पुण्याला पाठवावे म्हणतो.’ तोच प्रश्न मुलीविषयी निघाला की आईबाप बहुधा एकदमच म्हणतात, ‘ही काय, घेईल की इथेच प्रवेश. इथे काय कमी आहे?’

हे चार शब्दांचे वाक्य मला अत्यंत लबाड वाटते, आणि आज मी त्याच्याशीच भांडावयास बसले आहे.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा ‘बाई, तुम्हाला विद्यापीठातले काय कळते?’ असे कोणी विचारील. विद्यापीठाच्या आत काय चालते ते मला फारसे कळत नाही, हे खरे. पण दाराबाहेर राहिलेल्या माणसाला त्या दाराची रुंदी चांगली ठाऊक असते. आणि त्या दारातून कोणाला जाऊ देतात आणि कोणाला ओसरीवरूनच परत बोलावतात, हे गेली वीस वर्षे मी पाहते आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते त्यांच्या पदरात घालून टाकते. गावाजवळचे विद्यापीठ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मुंबईचे विद्यापीठ निघाले १८५७ साली. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. त्यापूर्वी तिकडच्या मुलाला वरचे शिक्षण हवे तर तो हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाची वाट धरी. आमचा जिल्हा १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेला होता. २००४ साली सोलापूरला विद्यापीठ झाले आणि ज्या पोरींना कोल्हापूर स्वप्नातही दिसले नसते, त्या एस. टी.त बसून पदव्युत्तर वर्गाला जाऊ लागल्या. हे विद्यापीठ निघाले नसते तर त्यांतल्या कितीतरी जणी आज स्वयंपाकघराच्या बाहेर आल्या नसत्या. त्या विद्यापीठाला मी नावे ठेवणार नाही, कोणी ठेवली तर ऐकूनही घेणार नाही.

पण जवळ आलेले दार उघडण्यासाठी असते, त्याला बाहेरून कडी घालण्यासाठी नव्हे. जिला कोठेच जाता येत नव्हते तिच्यासाठी जे विद्यापीठ निघाले, त्याच विद्यापीठाकडे बोट दाखवून जिला जाता येते तिला अडवायचे, ही कोणती रीत?

एक उदाहरण सांगते. माझ्या हाताखाली मुळाक्षरे शिकलेली एक मुलगी अक्कलकोटकडची. तिच्या घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि सोलापुरात आत्याच्या शेजारी पद्मशाली विणकरांची घरे, म्हणून कानावर तेलुगू. तिन्ही भाषा ती लहानपणापासून बोले. बी. ए. होता होता तिला एका प्रश्नाने पछाडले : माझी आजी एका वाक्यात तीन भाषा वापरते, तरी तिची कोठे गफलत कशी होत नाही? त्या भाषांनी एकमेकींकडून काय घेतले, काय दिले? या प्रश्नांचे एक शास्त्र आहे, त्याला भाषाविज्ञान म्हणतात, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते रीतसर शिकवतात, हे तिने स्वतः शोधून काढले. १८२१ साली सुरू झालेली, इरावतीबाई कर्व्यांनी जेथे आयुष्यभर काम केले ती ही संस्था. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. गाडीने तीन-चार तासांची वाट.

घरात बैठक भरली. काका आले, मामा आले, शेजारचे निवृत्त तलाठी आले. प्रत्येकाने मत दिले. जिच्यासाठी बैठक, ती आत चहा गाळत होती. निकाल लागला : ‘भाषाच शिकायची ना? मग इथे एम. ए. कर. इथे काय कमी आहे?’ कमी होता तो नेमका तिला हवा असलेला विषय. पण बैठकीत तो कोणी विचारलाच नव्हता.

आता याच घरातले दुसरे अर्धे चित्र. तिचा भाऊ तेव्हा पुण्यातच होता. अभियांत्रिकीला. अभियांत्रिकीची महाविद्यालये सोलापुरात आहेत, चांगली आहेत. पण त्याच्या वेळी ‘इथे काय कमी आहे?’ हे कोणाला सुचले नाही. दोन एकर जमीन बँकेकडे तारण गेली आणि चिरंजीव कॉटवर गादी टाकून पुण्यास राहू लागले. म्हणजे जे इथे मिळत होते ते शिकण्यासाठी मुलगा लांब गेला, आणि जे इथे मिळत नव्हते ते शिकू पाहणारी मुलगी इथे राहिली. वाचकहो, याला हिशेब म्हणतात काय?

यावर तीन उत्तरे मिळतात. तिन्ही मला पाठ आहेत.

पहिले उत्तर : ‘मुलीला इतक्या लांब कसे पाठवायचे?’ लांब! त्याच मुलीला पुण्याचे स्थळ आले की पुणे एकाएकी जवळ येते. जावई बंगळूरला असला तर बंगळूर जवळ, अमेरिकेत असला तर अमेरिका जवळ. ज्या माणसाला आपण चार वेळा चहा पिताना पाहिले त्याच्याबरोबर लेकीला सात समुद्रांपलीकडे धाडताना आपण सनई वाजवतो; आणि पुस्तकांबरोबर तिला चार तासांवर धाडायचे म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. तेव्हा भीती अंतराची नाही. लेक कोणाच्या तरी हवाली न होता, एकटी, स्वतःच्या पायांनी जाईल, ही खरी भीती आहे. आमच्या विद्यापीठाला २०१९ साली अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिले गेले. चौंडीची ही लेक माळव्यात गेली आणि महेश्वरी बसून तिने राज्य चालवले, म्हणून आपण तिच्या जयंतीला हार घालतो. आणि त्याच नावाच्या विद्यापीठाचा दाखला देऊन आपल्या लेकीला म्हणतो, ‘तू मात्र लांब जाऊ नकोस.’

दुसरे उत्तर : ‘दिवस वाईट आहेत.’ आहेतच. आईच्या काळजीची थट्टा मी करणार नाही. पण काळजी खरी असेल तर ती चौकशी करते. नुसती मान हलवून गप्प बसत नाही. वसतिगृह आहे काय, रेक्टरबाई कशा आहेत, दिवे कधी बंद होतात, फाटकापासून वर्गापर्यंतचा रस्ता कसा आहे, रात्री आजारी पडली तर कोण बघते, हे पाहून यावे. एक दिवस लागतो. मुलाची खोली पाहायला बाप दोनदा जातो. मुलीसाठी एकदाही न जाता ‘दिवस वाईट’ ठरवतो. आणि रोज चाळीस किलोमीटर एस. टी.ला लोंबकळत जाऊन अंधार पडल्यावर फाट्यावर एकटी उतरणारी मुलगी सुरक्षित, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

तिसरे उत्तर पैशाचे. आणि हे उत्तर मात्र मी आदराने ऐकते, कारण ते पुष्कळ घरांत खरे असते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. चांगले केले. पण मुलगी शुल्कावर झोपत नाही आणि शुल्क जेवत नाही. परगावी शिकण्याचा खरा खर्च म्हणजे कॉट आणि डबा. अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि त्याच धर्तीच्या इतर योजनांतून, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पुण्यासारख्या शहरी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. म्हणजे महिन्याला पाच हजार. ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांनी एक महिना त्यात राहून, जेवून दाखवावे.

कॉट आणि डबा यांचे मोल आपल्या थोरांना कळले होते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले आणि मग एकेका जातिजमातीसाठी वसतिगृहे उभी करीत गेले. खेड्यातला मुलगा शहरात शिकेल तो आधी शहरात झोपेल तेव्हा, हे त्यांनी ओळखले होते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर आश्रम नेला, तो घर सोडून शिकावयास येणाऱ्या बायकांसाठी. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास हा असा वसतिगृहांचा इतिहास आहे. आज आपण विद्यापीठांच्या कमानी रंगवतो. कमानीच्या आत मुलींसाठी किती खाटा आहेत, हे कोणताही पुढारी भाषणात सांगत नाही आणि आपणही त्याला विचारत नाही.

मग प्रत्येक मुलीला पुण्या-मुंबईला पिटाळावे, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. लांब गेल्याने कोणी शहाणे होत नाही. पुण्यात चार वर्षे काढून नुसते चहाचे भाव शिकून आलेले मुलगे मी पाहिले आहेत. माझे म्हणणे इतकेच की मोजपट्टी एक असावी. घरात मुलगा असो वा मुलगी, तीन प्रश्न विचारावेत. तुला नेमके काय शिकायचे आहे, आणि ते इथे चांगले शिकवणारे कोणी आहे काय? तिकडे राहणार कोठे आणि जेवणार काय? आणि हा खर्च किती वर्षे, कोणी, कसा सोसायचा? उत्तरे ‘इथेच राहा’ म्हणत असतील तर खुशाल इथे राहावे, आणि ताठ मानेने राहावे. उत्तरे ‘जा’ म्हणत असतील तर मुलगी आहे म्हणून ती बदलू नयेत. आणि पैसे एकालाच पुरत असतील, तर ज्याला गरज जास्त त्याला द्यावेत. ‘मुलगा आहे’ ही गरज नव्हे.

त्या अक्कलकोटकडच्या मुलीने सोलापुरातच एम. ए. केले. पुढे तिचे लग्न झाले, संसार चांगला चालला आहे, नोकरीही आहे. ‘बघा, काय बिघडले?’ असे तिचे काका मला विचारतात. काहीच बिघडले नाही. फक्त तिच्या आजीच्या त्या तीन भाषांचा प्रश्न जसाच्या तसा राहिला. आजी गेली; आता तो प्रश्न विचारायला ऐकणारे कान आहेत, पण बोलणारे तोंड राहिले नाही. असे किती प्रश्न आपण ‘इथे काय कमी आहे?’च्या खाली पुरले असतील, याची गणती कोण करणार?

तेव्हा या दिवाळीत पाहुण्यांनी लेकीविषयी विचारले, तर एवढे करा. आपण उत्तर देण्याआधी तिला हाक मारा. चहा तिचा भाऊ करील.