पोट रिकामे, तरी इन्सुलिन हवेच

रमजान जवळ आला की घरातल्या लहानांनाही रोजाची ओढ लागते. भावंडांची रोजाकुशाई होते, नवे कपडे, हार, सगळ्यांच्या दुआ! मग टाइप-1 मधुमेह असलेले दहा-अकरा वर्षांचे मूलही विचारते, "अम्मी, माझा रोजा कधी?" अशा वेळी घरातले कोणी वडीलधारे मायेने म्हणतात, "दिवसभर खाणार नाही, मग आज सुई कशाला टोचता?" या मायेतच मोठा धोका आहे.

टाइप-1 मधुमेहात मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, त्यात आईबापाचा दोष नसतो. आपण उपाशी असलो तरी लिव्हर रक्तात साखर सोडत राहते. ती वापरायला इन्सुलिन लागतेच. ते मिळाले नाही तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे. हे 'पित्त' समजून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

म्हणून दोन इंजेक्शनांतला फरक घरातल्या सर्वांना माहीत हवा. जेवणाआधीचे इन्सुलिन जेवणासाठी असते. जेवण नसेल तर ते देऊ नये. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचे नसते. ताप आला, मूल जेवले नाही, तरीही. मात्रा किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

दुसरी बाजू साखर उतरण्याची. घाम, थरथर, चिडचिड, गुंगी दिसली की लगेच तपासा. साखर 70च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

आता रोजाचे. वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्ज नाही आणि आजाऱ्याला सूरह बकरहमध्येच सवलत दिलेली आहे. मोठ्या मुलाने रोजा ठेवायचा आग्रह धरला तर रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. त्यांनी नको म्हटले तर तो शब्द शेवटचा. त्यांनी परवानगी दिली तरी दिवसातून अनेकदा साखर तपासा. बोटाला टोचून तपासल्याने किंवा इन्सुलिन घेतल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70च्या खाली गेली किंवा 300च्या वर चढली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडायचा.

लहानग्याला मात्र हिरमुसू देऊ नका. सहेरीला उठवा, इफ्तारचे दस्तरखान त्याच्या हातून मांडा, शेजारी खजुराचे ताट त्यालाच घेऊन जाऊ द्या. हार घालायचाच असेल तर त्यालाही घाला. वेळेवर सुई टोचून घेणारे मूलही सब्र करतच असते.