मांजराचें पालन व आपलें कर्तव्य

माणसानें गाय पाळली ती दुधासाठीं, बैल पाळला तो नांगरासाठीं, कुत्रा पाळला तो राखणीसाठीं. मांजर मात्र धान्याच्या कणगीपाशीं आपण होऊन आलें, उंदीर पकडूं लागलें आणि घरचेंच होऊन राहिलें. त्यामुळेंच कीं काय, गायीबैलांविषयीं जें उत्तरदायित्व आपणांस वाटतें, तें मांजराविषयीं सहसा वाटत नाहीं. ही वृत्ति बदलणें अवश्य आहे, असें माझें मत आहे.

मांजराचे उपकार थोडे नाहींत. आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरेच्या डाव्या कालव्याखालीं ऊस होतो आणि जिरायती पट्ट्यांत ज्वारी-बाजरी. दोन्हीकडे उंदरांचा उपद्रव ठरलेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं प्लेगनें सारा मुलूख हैराण केला असतां, वऱ्हाडांत अमरावतीस असलेले डॉ. ब्यूकॅनन यांनीं 1908 सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, जेथें मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी. मांजरालाही प्लेग होऊं शकतो, हें आज आपणांस ठाऊक आहे. तरी उंदरांस धाकांत ठेवणारा सोबती म्हणून त्याची योग्यता कमी होत नाहीं.

परंतु या सोबत्याशीं आपण वागतों कसे? मांजरी व्याली म्हणजे चार दिवस मुलांस कौतुक. पुढें पिलें दुधाच्या पातेल्यांत तोंड घालूं लागलीं कीं तीं पोत्यांत भरून कालव्यापलीकडे, मंडईच्या आवारांत किंवा साखर कारखान्याच्या वाटेवर सोडून देण्यांत येतात. ‘तेथें त्यांस खावयास मिळेल’ अशी आपण मनाची समजूत घालतों. वास्तविक आईपासून तोडलेलें पिलूं अनोळखी जागीं शिकार करूं शकत नाहीं. कुत्रीं, वाहनें व भूक यांतून वांचणारें विरळाच. भुकेनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्यास विनाकारण टाकून देणें, हा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याप्रमाणें अपराध आहे. विष घालून मारण्यास तर भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमान्वयें पांच वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. मांजरी पांच-सहा महिन्यांची झाली कीं गाभण राहूं शकते; गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा. वर्षाचे दोन वेत व वेताला चार पिलें धरलीं, तर एका मांजरीचीं वर्षांत आठ पिलें होतात. त्यांपैकीं चार माद्या धरल्या, तर दुसऱ्या वर्षीं पांच मांजरींचीं चाळीस! यांतील बहुतेक मरतात म्हणूनच गांव मांजरांनीं भरून जात नाहीं. आणि तें मरणें आपल्याच दाराबाहेर घडत असतें.

यावर खरा उपाय निर्बीजीकरणाचा. पशुवैद्य मांजरास भूल देऊन ही शस्त्रक्रिया करितो व कांहीं दिवसांत तें पूर्ववत् हिंडूं लागतें. बोक्याचें भटकणें, मारामारी व जागोजाग मूत्र फवारणें हेंही त्यायोगें पुष्कळ कमी होतें. भटक्या मांजरासाठीं गल्लींतील चार घरांनीं वर्गणी करावी. शस्त्रक्रियेच्या वेळीं त्याच्या कानाचें टोक किंचित् कापतात. त्या खुणेमुळें तेंच मांजर पुन्हां धरण्याची वेळ येत नाहीं.

कोणी म्हणतील, मुक्या जिवाची संतति अडविणें निर्दयपणाचें आहे. त्यांस माझा इतकाच प्रश्न आहे कीं, तीच संतति पोत्यांत कोंडून फेंकण्यांत कोणती दया आहे? उलट, नुसतें खाऊं घालणें म्हणजेही सर्व कर्तव्य नव्हे. 2025 च्या फेब्रुवारींत पुण्याच्या हडपसर भागांत एका सदनिकेंत सुमारें 300 मांजरें असल्याचें उघडकीस आलें. दुर्गंधीनें शेजारी त्रस्त झाले व महापालिकेस मध्यें पडावें लागलें. दयेला व्यवस्थेची जोड नसेल, तर तिचा भार शेजाऱ्यांवर आणि त्या प्राण्यांवरही पडतो.

आरोग्याचा विचारही महत्त्वाचा आहे. मांजराच्या चाव्यानें, क्वचित् ओरखड्यानेंही, रेबीज होऊं शकतो. अशी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, तीवर हळद, चुना कांहीं लावूं नये, व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. घरच्या मांजरास तीन महिन्यांचें झाल्यावर रेबीजची लस द्यावी व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती चालू ठेवावी. तापावरील पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कधींही देऊं नये. ती त्याला विषासमान आहे. पुष्कळ मोठ्या मांजरांस दूधही पचत नाहीं. स्वच्छ पाणी मात्र नेहमीं हवें.

आणखी एक गोष्ट. इंदापूर तालुक्यांत उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगांवाकडे, रोहित पक्षी पाहण्यास लोक दुरून येतात. त्याच परिसरांत टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडीं घालतात. शिवारांत टाकून दिलेलें उपाशी मांजर त्यांचीं पिलें सोडील काय? आपल्या घरच्या निष्काळजीपणाचा दंड असा रानांतल्या पांखरांस भरावा लागतो.

पालकांस माझी विनंती आहे कीं, मुलानें पिलूं घरीं आणण्याचा हट्ट धरला, तर होकार देण्यापूर्वीं त्याच्या अन्नाची, लशीची व शस्त्रक्रियेची जबाबदारी कोणाची, हें घरांत ठरवावें. मांजर पंधरा वर्षेंही जगतें. तितकीं वर्षें सांभाळण्याची तयारी नसेल, तर स्पष्ट नकार देणें बरें. आणि विद्यार्थी मित्रहो, आपल्या गल्लींतील मांजरी किती, त्यांपैकीं शस्त्रक्रिया झालेल्या किती, एवढें या सुट्टींत मोजा व तो कागद वडील माणसांपुढें ठेवा. आंकडा डोळ्यांसमोर आला म्हणजे पोतें शोधण्याऐवजीं पशुवैद्याचा पत्ता शोधण्याची बुद्धि घरोघरीं होईल, असा मला भरंवसा आहे.