पीळ पडला, तर सकाळची वाट नको

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात राहणाऱ्या कुटुंबाला मोठ्या दवाखान्यासाठी गाव सोडावे लागत नाही. जयारोग्य रुग्णालय १८९९ पासून आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून त्याच लष्कर भागात आहे. तरीही वृषणाला पीळ पडलेला मुलगा इथूनही उशिरा पोहोचू शकतो, कारण हा उशीर रस्त्यात नव्हे, घरात होतो. काही मुलांच्या वृषणाची अंडकोशातली पकड जन्मतःच सैल असते. ते फिरते, त्याला रक्त पुरवणाऱ्या रज्जूला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. बहुतेक वेळा हे १२ ते १८ या वयात, कधी कधी भर झोपेत घडते. सहा तासांत पीळ सोडवला तर दहांतली नऊ वृषणे वाचतात, बारा तासांनी निम्मीच आणि दिवस उलटल्यावर क्वचित एखादे. पण मुलगा लाजेने ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो, त्याला उलटी होते, आई ओवा देते, वडील म्हणतात सकाळी बघू. मुलींशी पाळीबद्दल आता पुष्कळ घरांत बोलले जाते. मुलग्यांना मात्र ‘तिथे अचानक दुखले तर लगेच उठव’ हे एक वाक्यही कोणी सांगत नाही, आणि ते वडिलांनीच सांगायला हवे.

दुसरा उशीर दवाखान्यात होतो. आधी डॉप्लर सोनोग्राफी करू, संसर्ग असेल तर अँटिबायोटिकवर भागेल, हे म्हणणे चूक नाही. तपासणी हाताशी असेल तर जरूर करावी. पण पीळ असूनही डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसू शकतो, आणि रात्री सोनोग्राफीच्या डॉक्टरांची वाट पाहण्यात जाणारे तास वृषणाचेच असतात. अचानक उठलेली कळ, उलटी, वर ओढलेले वृषण, मांडीच्या आतून बोट फिरवल्यावर ते न हलणे, इतके दिसले तर सर्जनने थेट शस्त्रक्रियेला घ्यावे. काही मुलांवर विनाकारण चीर पडेल, हे खरे. ती लहानशी चीर भरून येते, मेलेले वृषण काढूनच टाकावे लागते. एक गेले तरी दुसऱ्यावर मूल होते, असा दिलासा काही जण देतात. तो बहुधा खराही ठरतो, पण पकडीतली सैलता बहुतेकदा दोन्ही बाजूंना असते. म्हणून त्याच शस्त्रक्रियेत दुसरे वृषणही टाके घालून पक्के करतात.