मुदत संपली तरी दाद मागण्याचा हक्क संपत नाही

पेटंटची मुदत संपली की त्यावरचा वादही संपतो का? नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये ठामपणे सांगितले, ते योग्यच झाले.

वाद लिनाग्लिप्टिन या मधुमेहावरील औषधाचा. मुंबईच्या मॅक्लिऑड्स कंपनीने बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीचे त्यावरील पेटंट रद्द करण्यासाठी २०२२मध्ये दिल्लीत याचिका केली. बोहरिंगरने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात पेटंटभंगाचा दावा लावला. ऑगस्ट २०२३मध्ये पेटंटची वीस वर्षे भरली. आता याचिकेत उरले काय, असा बोहरिंगरचा सवाल होता.

उरले ते पैशांचे. मुदतीतल्या कथित भंगाची नुकसानभरपाई नंतरही मागता येते. मुदत संपलेले पेटंट त्या दिवसापासून थांबते. रद्द झालेले मात्र मुळापासूनच नव्हते असे धरले जाते. मग भरपाईचा पायाच उरत नाही. शिवाय पेटंट अवैध असल्याचा दाव्यातील बचाव त्या दोन पक्षकारांपुरता असतो, तर पेटंट रद्द करण्याचा निकाल साऱ्या जगाला लागू होतो.

भरपाईची टांगती तलवार ठेवायची आणि पेटंटची तपासणी मात्र टाळायची, ही मुभा कोणत्याही कंपनीला मिळता कामा नये. अशा याचिका मुदतीच्या आतच निकाली काढण्याची तजवीज आता उच्च न्यायालयांनी करावी.