वेतनपत्रकामागचा माणूस

पगार, रजा, बढती, निवृत्ती यांच्या नोंदी एकाच संगणकप्रणालीत गोवल्या की आस्थापनेवरील माणसे कमी करता येतात, ही व्यवस्थापकवर्गाची लाडकी समजूत आहे. 'सेवार्थ' आणि 'शालार्थ' ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना तिची परीक्षा कॅनडात कशी झाली हे जाणून घ्यावेसे वाटेल.

तेथील केंद्र सरकारने 2016च्या फेब्रुवारीत पीपलसॉफ्टवर आधारलेली 'फीनिक्स' वेतनप्रणाली सुरू केली. तत्पूर्वी खात्याखात्यांतील सुमारे 1,200 वेतन-सल्लागारांची पदे रद्द करून, त्यांच्या जागी जेमतेम 550 जण मिरामिशी या आडगावी बसविण्यात आले. वर्षाला 7 कोटी डॉलर वाचणार, असा हिशेब होता! 2017च्या जूनमध्ये 1,50,000हून अधिक कर्मचाऱ्यांची वेतनप्रकरणे तुंबली होती. कोणाला पगारच नाही, कोणाला वाजवीपेक्षा जास्त. आणि जास्त मिळालेल्याच्या मागे वसुलीचा ससेमिरा.

दोष केवळ यंत्राचा नव्हे. खर्च आटोक्यात राहावा म्हणून प्रणालीतील काही सोयी गाळल्या, प्रायोगिक चाचणी रद्द केली, असे महालेखापरीक्षकांनी 2018मध्ये नमूद केले. परंतु त्याहून मोठी चूक माणसाच्या मोजमापाची होती. प्रभारी पदाचा भत्ता, पूर्वलक्षी वेतनवाढ, मध्येच बदललेली पाळी ही गुंतागुंत जुन्या कारकुनाच्या डोक्यात होती. काटकसरीच्या तक्त्यात मात्र त्याचा केवळ पगार दिसला. 2016 सरण्यापूर्वीच सरकारला तात्पुरती वेतन कार्यालये उघडून त्याच जाणत्यांपैकी काहींना परत बोलवावे लागले.