फुगडी एच आणि ओएचची

बालदोस्तांनो, परीक्षा जवळ आली, की आमच्या शाळेतून पास होऊन हायस्कुलात गेलेली मुलं वही घेऊन पुन्हा दारात हजर! "बाई, समीकरण जुळतच नाही हो!" बहुतेकांचं घोडं अडतं ते आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणापाशी.

अरे, सगळे अणू मोजायला कशाला बसता? आधी दोघांनाच शोधा. आम्ल आणतं हायड्रोजन, म्हणजे एच. आम्लारी आणते हायड्रॉक्साइड, म्हणजे ओएच. एका एचची एका ओएचशी जोडी जमली, की पाण्याचा एक रेणू तयार! उभ्या फुगडीला जोडीदार लागतोच, म्हणून दोन्हींची संख्या सारखी हवी. मागे उरलेल्यांचा क्षार होतो.

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. जळजळ झाली, की आजोबा पांढरं, खडूसारखं लागणारं औषध घेतात ना? तशा काही औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं, एमजी(ओएच)२. कंसाबाहेरचा २ पाहिलात? ओएच दोन! मग आम्लाचे रेणूही दोन घ्या.

२ एचसीएल + एमजी(ओएच)२ → एमजीसीएल२ + २ एच२ओ

एक चलाखी मात्र करायची नाही हं. ऑक्सिजन कमी पडला, की काही जण एच२ओ खोडून एच२ओ२ लिहितात. आकडे जुळले, पण पाणी गेलं! ते झालं हायड्रोजन पेरॉक्साइड, केसांचा रंग उडवणारं. तहान लागल्यावर ते प्याल का? सूत्राच्या आतला आकडा ही पदार्थाची ओळख, तिला हात लावायचा नाही. आपला आकडा सूत्राच्या आधी.

आता जरा अवघड. फॉस्फोरिक आम्लाच्या एका रेणूत ३ एच, चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये २ ओएच. जोड्या कशा लावणार? लसावि आठवा! ३ आणि २ चा लसावि ६. म्हणून आम्ल २, चुना ३, पाणी ६.

२ एच३पीओ४ + ३ सीए(ओएच)२ → सीए३(पीओ४)२ + ६ एच२ओ

हा कॅल्शियम फॉस्फेट. आपली हाडं याच्याच जातकुळीतल्या पदार्थाने टणक होतात.

पालकांनो, रसायनशास्त्र विसरला असाल तरी हरकत नाही. मुलांना मूठभर हरभरे आणि मूठभर शेंगदाणे द्या. हरभरा एच, शेंगदाणा ओएच. जोड्या लावू द्या, मग खाऊ द्या.

तर दोस्तांनो, सल्फ्युरिक आम्लात २ एच आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमध्ये ३ ओएच. पूर्ण उदासिनीकरणाला दोघांचे किती किती रेणू लागतील? उत्तर पुढच्या अंकात!